मासा धरावा, आणि सोडून द्यावा?



उपवासकाळातल्या शुक्रवारी आपल्या घरांतून मटण-कोंबडी रजा घेते आणि बांगडा किंवा सुरमई ताटात येते. त्या माशाविषयी सहसा कोणाला नैतिक प्रश्न पडत नाही. पण जो मासा खायचाच नाही, केवळ आनंदासाठी गळाला लावायचा, पाण्याबाहेर काढून पाहायचा आणि परत सोडायचा, त्याच्याविषयी काय म्हणावे? हे पाप आहे का? की निव्वळ निरुपद्रवी छंद?

हा छंद जगभर फार मानाचा समजला जातो. त्यातला सर्वांत नाजूक प्रकार म्हणजे फ्लाय फिशिंग. बारीक गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून हुबेहूब माशीसारखे आमिष तयार करतात आणि लवचीक काठीने ते पाण्यावर अलगद उतरवतात. थंडी सरताना डोंगरी ओढ्यांतून पाण्यातले किडे पंख फुटून वर येऊ लागतात, तेव्हा ट्राउट मासा त्यांच्यावर झेपावतो. हिमाचलच्या तीर्थन नदीवर मार्चमध्ये हौशी लोक याच कामासाठी जातात. ट्राउटला थंडगार पाणी लागते, त्यामुळे तो आपल्या पुण्यात नाही. इकडचे गळ टाकणारे पवना-मुळशीच्या पाण्यावर दुसऱ्या माशांची वाट पाहतात. त्यांच्या स्वप्नातला मासा मात्र एकच, महासीर.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. पेत्र आणि त्याचे सोबती जाळ्यांनी मासे धरत. शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदाच येतो, मत्तयच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर भरायचा होता म्हणून प्रभू पेत्राला गळ टाकायला सांगतात. पुनरुत्थानानंतर प्रभूने स्वतः भाजलेला मासा खाल्ला आणि तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासे तयार ठेवले. मासे धरणे आणि खाणे यात काही अमंगळ नाही, हे यावरून स्पष्ट दिसते. पण या साऱ्या प्रसंगांत मासा कशासाठी तरी धरलेला आहे: पोटासाठी, करासाठी, थकलेल्या माणसांच्या न्याहारीसाठी.

ख्रिस्तसभेची शिकवण इथेच बोट ठेवते. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (क्रमांक २४१६ ते २४१८) सांगितले आहे, की अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, मात्र गरज नसताना त्यांना यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आपल्या प्रश्नाचा निकाल ‘गरज नसताना’ या दोन शब्दांवर लागायचा आहे.

काही जण म्हणतात, माशाला कुठे दुखते? तो ना ओरडतो, ना रडतो. २००३ साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटवरच प्रयोग केले. माशाच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचल्यावर त्याचा श्वास जलद झाला, त्याने बराच वेळ अन्नाला तोंड लावले नाही, आणि आम्ल टोचलेले काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. याला आपल्यासारखी वेदना म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ज्याच्याविषयी खात्री नाही, त्याला दुखत असेल असे धरून वागणे हेच दयेला धरून आहे. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांत, सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरण्यास मनाई केली. धरलास तर खा, खायचा नसेल तर धरू नकोस, असा त्यामागचा रोख आहे.

मग सोडून देणारा माणूस दोषी, असे म्हणून आपण मोकळे व्हावे का? तेवढे सोपे नाही. कर्नाटकात कावेरीच्या काठी अनेक वर्षे महासीर धरून सोडण्याची शिबिरे चालत. पूर्वी चोरून मासे मारणारे काही गावकरी तिथे पगारी राखणदार झाले आणि पाण्यात सुरुंग लावणाऱ्यांवर नजर ठेवू लागले. पुढे अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच, असे ठरून शिबिरे बंद झाली. आता त्या पाण्यावर पहारा कोण देणार, ही काळजी तेव्हा अनेक अभ्यासकांनी बोलून दाखवली. छंदापायी का होईना, पण त्या माणसांचे नदीवर लक्ष होते.

असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या जुन्या चरित्रात एक कथा आहे. रिएतीच्या सरोवरात होडीतून जाताना एका कोळ्याने त्यांना जिवंत मासा भेट दिला. फ्रान्सिस यांनी त्याला बंधू म्हटले आणि प्रार्थना करीत पाण्यात सोडले. तो मासा त्यांची परवानगी मिळेपर्यंत होडीपाशीच खेळत राहिला, असे चरित्रकार सांगतो. आजचा छंदिष्टही मासा सोडतो. फरक एवढाच, की फ्रान्सिस यांनी आधी त्याच्या ओठात गळ अडकवला नव्हता. आपणच जखम करायची आणि मग आपणच दया दाखवायची, या दयेत स्वतःचे कौतुक जास्त असण्याचा धोका आहे.

आणि नुसत्या सदिच्छेनेही भागत नाही, हे महासीरच्याच गोष्टीतून कळते. ही गोष्ट आपल्या शहरापासून सुरू होते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या महासीरची शास्त्रात प्रथम नोंद केली, ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. त्याने दिलेले ‘खुद्री’ हे नावसुद्धा इथलेच. या माशाला वाहते, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ लागतो. आज बंडगार्डनच्या पुलावर उभे राहून पाण्याकडे पाहिले, की तो इथे का नाही हे विचारावे लागत नाही. त्याला इथून कोणा शौकिनाच्या गळाने घालवले नाही. धरणे आणि आपल्या मोऱ्यांचे पाणी त्याला पुरेसे ठरले.

लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास केली. त्याची पिल्ले देशातील अनेक नद्यांत सोडली गेली. काम चांगल्या हेतूचेच होते. पण ती कावेरीतही पोचली, आणि तिथला मूळचा वाशिंड्या महासीर कमी होत गेला, पाहुणा वाढत गेला. २०१८ मध्ये हा मूळचा मासा अतिसंकटग्रस्त ठरला. ही घट उघडकीस कशी आली? शिबिरांत येणाऱ्या शौकिनांनी १९९८ पासून ठेवलेल्या नोंदवह्यांवरून. ज्यांना आपण दोष द्यायला निघालो होतो, त्यांच्याच वह्या त्या माशाच्या बाजूने साक्षीदार झाल्या.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. घरी शिजवण्यापुरता मासा धरणे निर्दोष आहे. लहान, पोटात गाबोळी असलेला किंवा दुर्मिळ मासा गळाला लागला, तर तो सोडून देणे हे कर्तव्य आहे. पण आकडा वाढवण्यासाठी आणि फोटोसाठी दिवसभर मासे ओढत बसणे, याला ‘गरज’ म्हणता येत नाही. विश्रांती ही माणसाची खरी गरज आहे, हे आम्ही नाकारत नाही. मात्र नदीकाठची शांतता, पाण्याचे निरीक्षण आणि वाट पाहणे यांतून ती बरीचशी मिळते. गळ टाकण्यावरचा इंग्रजीतला पहिला छापील ग्रंथ १४९६ चा. परंपरेने तो एका मठाधिपती भगिनीच्या नावावर आहे, आणि त्यातही हाव धरून फार मासे मारू नका असे बजावलेले आहे.

जे तरुण मे महिन्याच्या सुट्टीत गळ घेऊन जातील, त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. गळाच्या टोकाचा मागे वळलेला काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे तो सहज सुटतो. सोडायचा मासा ओल्या हाताने आणि शक्यतो पाण्यातच धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचे संरक्षक बुळबुळीत आवरण निघून जाते. पावसाळ्यात, अंडी घालण्याच्या काळात, गळ घरीच ठेवावा.

आणि जे कधीच गळ टाकणार नाहीत, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक सगळे, त्यांनी महाडजवळचे वाळण कोंड एकदा पाहून यावे. तिथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी गावकरी डोहातल्या महासीरला धक्का लावत नाहीत. मुरमुरे टाकले की मोठाले मासे वर येतात. आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी तो डोह राखला आहे. मुठेच्या काठी राहणाऱ्या आपल्याला, निर्माल्यापासून प्लास्टिकपर्यंत काय काय पुलावरून खाली जाते हे रोज दिसते. निदान आपल्या घरातले काही त्यात पडणार नाही, एवढा निश्चय या उपवासकाळात करता येईल.