पाठांतर, समज आणि अमानत

जून महिना आला की पालघर-बोईसरच्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : बायोला क्लास कुठला लावायचा? दहावीचा निकाल लागलेला असतो, मुलीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळालेले असतात आणि ‘डॉक्टर करायचं’ हे खाला, फुफी, शेजारीपाजारी अशा सर्वांनी मिळून ठरवून टाकलेले असते. बाप तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा, नाहीतर स्टेशनजवळ छोटे दुकान चालवणारा. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हापासून विरार-वसईचे क्लासही आवाक्यात आले आहेत. चौकशी होते ती फी किती, बॅच किती वाजता सुटते, मुलींच्या जाण्यायेण्याचे काय आणि गेल्या वर्षी किती जण ‘लागले’ याची. शिकवतात कसे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारला तरी मिळालेले उत्तर खरे की खोटे हे तपासायचे कसे, ते बापाला ठाऊक नसते.

ही चौकशी वरवर व्यवहाराची दिसते, पण तिच्या पोटात नीतीचा एक जुना प्रश्न आहे. उत्तर बरोबर असेल, तर ते समजून दिले की घोकून, याने काय फरक पडतो? परीक्षकाला फरक पडत नाही. ‘नीट’च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण या एका विषयाला. मिनिटाला एक प्रश्न सोडवताना समज आणि पाठांतर यांत भेद करायला यंत्राला सवड नाही. फिजिक्समध्ये निदान गणित करावे लागते, बायो मात्र ‘पाठ करायचा विषय’ म्हणून प्रसिद्ध आहे. पाठ करून घेणारे क्लास गुण मिळवून देतात हेही खरे आहे. समजून घेतले की गुण आपोआप येतात, असे गोड बोलून मी कुणाची समजूत काढणार नाही. तसे नेहमी होत नाही.

आणि पाठांतराची टिंगल करणे आपल्याला तर मुळीच शोभणार नाही. आपल्या मोहल्ल्यात दहा-बारा वर्षांचे पोर अख्खे कलामे पाक छातीत साठवते, तरावीहमध्ये उभे राहून ऐकवते, आणि घरातली म्हातारी माणसे डोळे पुसतात. स्मरणशक्ती ही खुदाची मोठी नेमत आहे. पण एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हाफिजाचे काम शब्द जसाच्या तसा जपण्याचे; जेर-जबरचा फरक होता कामा नये. अर्थ सांगायला तफसीरचा इल्म वेगळा आहे, आणि हाफिज झाला म्हणजे मुफस्सिर झाला असे आपल्याकडे कुणी मानत नाही. दोन वेगळी कामे, त्यांना दोन वेगळी नावे. आपल्या बुजुर्गांनी ठेवलेला हा भेद शाळा-कॉलेजात पुसला गेला. तिथे जपणाऱ्याला आणि समजणाऱ्याला एकच गुणपत्रिका मिळते, आणि पुढे एकच पांढरा कोट.

आपल्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण घेऊ. तारापूरच्या, सातपाटीच्या खाडीत तिवरांची झाडे आहेत. पायाशी चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे प्रत्येकाने पाहिली आहेत. अकरावीतल्या मुलीला ‘न्युमॅटोफोर’ हा शब्द पाठ असतो, व्याख्याही पाठ असते. पण हा शब्द त्या खाडीतल्या मुळांचा आहे हे तिला बहुधा कुणी सांगितलेले नसते. भरतीच्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून श्वासासाठी मुळांना वर यावे लागते. खारे पाणी प्यावे लागते, म्हणून झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावून पाहिले की खारट लागते. एवढे एकदा कळले की व्याख्या विसरली तरी पुन्हा तयार करता येते. या तिवराचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅव्हिसेनिया’. लिनियसने अठराव्या शतकात ते ठेवले ‘अ‍ॅव्हिसेना’वरून, म्हणजे आपल्या इब्न सिनाच्या नावावरून. खाडीच्या कडेला राहणाऱ्या आपल्या मुलांना हे माहीत नसावे, याचे मला वाईट वाटते.

इब्न सिनाचा ‘कानून’ शतकानुशतके हकीम मंडळींनी अभ्यासला. त्यात ग्रीक वैद्य गॅलेनची शिकवण होती, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या कप्प्यात जाते. तेराव्या शतकात दमास्कसकडचा, पुढे कैरोत वैद्यकी करणारा इब्न अन-नफीस याने ‘कानून’च्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिताना सांगितले, की हा पडदा जाड आहे आणि त्यात छिद्रे नाहीत, रक्त फुफ्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. हार्वेचा ग्रंथ आला १६२८ साली, त्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधीची ही गोष्ट. नफीसच्या त्या हस्तलिखिताकडे जगाचे लक्ष गेले १९२४ साली, बर्लिनच्या ग्रंथालयात. या कथेचा आपण नुसता अभिमान मिरवतो. मला त्यातला दुसराच भाग मोलाचा वाटतो. चरित्रकार सांगतात की नफीसची स्मरणशक्ती अशी होती, की तो पुस्तक न उघडता लिहीत असे. म्हणजे गॅलेन आणि इब्न सिना त्यालाही पाठच होते. पाठ असलेल्या ओळीपाशी थांबून ‘हे असे कसे होईल?’ असे त्याने विचारले, एवढेच. पाठांतर नसते तर त्याला थांबायला ओळच मिळाली नसती.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळतो : फरक पडतो तो कुणाला?

आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. बारावीच्या पुस्तकात हा आजार येतो. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, हे वाक्य मुले झोपेतही म्हणतील. आईबाप दोघेही वाहक असतील तर ‘चारात एक’ मूल आजारी, हेही पाठ. पण त्याच मुलांना विचारावे : अशा जोडप्याचे पहिले मूल आजारी निघाले, तर पुढची तीन सुखरूप का? कितीतरी मुले ‘हो’ म्हणतात. चारात एक झाले ना, हिशेब संपला! हिशेब संपत नाही. तो प्रत्येक गरोदरपणात नव्याने सुरू होतो. प्रत्येक खेपेला पुन्हा चारात एक. चारही मुले या आजारातून सुटण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि चारही आजारी निघणे हेही अशक्य नाही. ‘चारात एक’ हे शब्द अचूक पाठ असलेला डॉक्टर उद्या जव्हारच्या दवाखान्यात एखाद्या बाईला ‘आता काळजी नको’ म्हणेल, आणि त्याच्या गुणपत्रिकेत ही चूक कुठेच दिसणार नाही.

हे फक्त दुसऱ्यांचे दुखणे नाही. थॅलेसेमियाची रीत तशीच आहे, आणि आपल्यात चुलत-मामे भावंडांची लग्ने होतात. एकाच दादा-दादीकडून आलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. लग्नाआधी एक रक्ततपासणी केली तर दोघे वाहक आहेत का ते कळते. हे सांगताना कुणाला दोष न देता, कुणाला न घाबरवता, समजेल अशा भाषेत सांगावे लागते. ज्याला स्वतःलाच समजले नाही, तो एकतर घाबरवतो नाहीतर ‘अल्लाह की मर्जी’ म्हणून मोकळा होतो. डॉक्टरकडे येणारा माणूस त्याच्या हाती जीव सोपवतो. ती अमानत आहे, आणि तिची तयारी अकरावीच्या शिकवणीत सुरू होते.

भाषेचाही विचार करायला हवा. आपली मुले कुणी मराठी माध्यमातून येतात, कुणी उर्दूतून, कुणी हिंदीतून. दहावीपर्यंत ‘पेशी’ किंवा ‘खलिया’ म्हटलेली गोष्ट अकरावीत एकदम ‘सेल’ होते आणि सारे पुस्तक इंग्रजी. माझे असे मत झाले आहे, की पुष्कळशी घोकंपट्टी आळसातून येत नाही, ती भाषा न कळण्यातून येते. वाक्य कळत नाही म्हणून मूल ते सबंधच्या सबंध गिळते. अशा मुलाला जो शिक्षक आधी त्याच्या घरच्या बोलीत गोष्ट सांगतो आणि मग इंग्रजी शब्द हातात देतो, तो अर्धी लढाई तिथेच जिंकतो. ‘नीट’चा पेपर मराठीत २०१७ पासून आणि उर्दूत २०१८ पासून मिळतो खरा, पण शिकवणीचे चांगले साहित्य त्या भाषांत शोधावेच लागते.

मग असा शिक्षक ओळखायचा कसा? इब्न खल्दूनने १३७७ साली पुऱ्या केलेल्या ‘मुकद्दम्या’त मगरिबच्या विद्यार्थ्यांविषयी तक्रार केली आहे : वर्षानुवर्षे दर्समध्ये गप्प बसतात, गरजेपेक्षा जास्त पाठ करतात आणि बोलायची वेळ आली की अडतात. चर्चेत तोंड उघडणे हा इल्म अंगी मुरण्याचा सर्वांत सोपा मार्ग, असे त्याचे म्हणणे. म्हणून मी तरी निकालाचा फलक पाहण्याआधी वर्गाबाहेर दहा मिनिटे उभा राहीन. आवाज एकट्या सरांचाच येतो की मुलांचाही? दुसरी खूण याहून पक्की. सरांना पुस्तकाबाहेरचे काहीतरी विचारावे. ‘मला ठाऊक नाही, बघून सांगतो’ असे जो म्हणू शकतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगतो, त्याच्याकडे मुलाला धाडावे. इमाम मालिक यांनी लांबून आलेल्या माणसाच्या बहुतेक प्रश्नांना ‘ला अदरी’ असेच उत्तर दिल्याची रिवायत आपल्याकडे आदराने सांगितली जाते; क्लासमध्ये मात्र हेच वाक्य कमीपणाचे ठरते.

बाप शिकलेला नसेल तरी तो पारख करू शकतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहेत. मुलगी ‘मायक्रोब्ज’चा धडा करत होती. त्यांनी विचारले, “बेटा, बीओडी म्हणजे काय?”

“अब्बा, बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड.”

“ते तर आमच्या लॅबच्या फळ्यावरही लिहिलंय. म्हणजे काय?”

मुलगी गप्प. मग त्यांनीच सांगितले : टाकीत जंतू असतात, ते पाण्यातला मळ खातात, खाताना त्यांना हवा लागते. जितका मळ जास्त तितकी हवा जास्त. ब्लोअर बंद पडला की गाळ काळा पडतो आणि वास सुटतो. असे पाणी खाडीत गेले की जंतूच सगळी हवा संपवतात, मासळीला काही उरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक वसाहतींत तारापूर सर्वांत प्रदूषित ठरले होते. त्या गावच्या मुलीला बीओडीची नुसती आद्याक्षरे यावीत, ही गोष्ट त्या अडाणी म्हणवणाऱ्या बापाला पटली नाही.

कुणी म्हणेल, हे सारे पोट भरलेल्यांचे बोलणे. गरिबाच्या मुलीला एकच संधी असते. तिने आधी गुण मिळवावेत, समज नंतर येईल. हा आक्षेप हलका नाही. एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे हप्ते फेडणाऱ्या घराला विचारावे. पण ‘नंतर’ कधी येते? एमबीबीएसला पुन्हा तेच, तिथे तर पुस्तके आणखी जाड. मला दिसणारी वाट एवढीच : अकरावीचे वर्ष समजण्याला द्यावे, बारावीच्या शेवटच्या महिन्यांत प्रश्नसंच बडवावेत, पाठांतर करावे, घड्याळ लावून करावे. उलट क्रमाने हे जमत नाही.

त्या ऑपरेटर गृहस्थांनी शेवटी बोईसरमध्येच वीस मुलांची एक शिकवणी धरली. निकालाचा फलक तिथे नाही. पहिल्याच आठवड्यात सरांनी बाजारातून पापलेट आणून कल्ला उघडून दाखवला, आणि पाण्याबाहेर एवढी हवा असताना मासा का गुदमरतो, हे मुलांनाच विचारले. दोन दिवस कुणाला सांगता आले नाही. तिसऱ्या दिवशी या मुलीने कल्ल्याच्या लाल झालरी वाटीतल्या पाण्यात सोडल्या, पुन्हा बाहेर काढल्या, आणि त्या एकमेकींना चिकटून बसतात, मग हवेला लागायला जागाच उरत नाही, हे तिचे तिनेच पाहिले. फी महिन्याच्या महिन्याला द्यायची आहे. ‘नीट’मध्ये तिचा नंबर लागेल की नाही, हे सरांनी सांगितलेले नाही, आणि बापानेही विचारलेले नाही.