कर्जखत कुणाच्या घरात?

१५ ऑक्टोबर २०११ रोजी बँकांच्या लोभाविरुद्ध उठलेल्या लंडनच्या निदर्शकांना जायचे होते शेअर बाजाराच्या दारात. हा बाजार ज्या पॅटर्नोस्टर स्क्वेअरमध्ये आहे, तो चौक दिसायला सार्वजनिक असला तरी खासगी मालकीचा. मालकांनी आधीच न्यायालयातून मनाई हुकूम आणून ठेवला होता आणि पोलिसांनी वाटा अडवल्या होत्या. मग मोर्चा शेजारच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलपाशी अडला आणि तिथेच तंबू पडले. पुढल्या फेब्रुवारीच्या २८ तारखेला उठवले जाईपर्यंत ते तिथे होते.

ज्यांच्याविरुद्ध आंदोलन ते बँकवाले रोजच्यासारखे कामावर येत-जात राहिले. पंचाईत झाली चर्चची. जाइल्स फ्रेझर या धर्मोपदेशकाने पहिल्याच रविवारी निदर्शकांची बाजू घेतली आणि पोलिसांनाच पायऱ्यांवरून बाजूला व्हायला सांगितले. काही दिवसांत 'आरोग्य आणि सुरक्षितता' असे कारण देऊन कॅथीड्रलला कुलूप लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर असे पहिल्यांदाच घडत होते. तंबू जबरदस्तीने उठवले तर चर्चच्या नावाने हिंसा होईल, या भीतीने फ्रेझर पायउतार झाले. पाठोपाठ कॅथीड्रलचे प्रमुखही गेले. अडीच आठवड्यांत जे राजीनामे पडले ते चर्चमधलेच होते.

याच कॅथीड्रलच्या एका संस्थेने लंडनच्या वित्तक्षेत्रातल्या नोकरदारांची पाहणी करून ठेवली होती. तंबूंच्या गडबडीत तिचा अहवाल लांबणीवर पडला आणि नोव्हेंबरात बाहेर आला. आपण इथे काम करतो ते मुख्यतः पगार आणि बोनससाठी, असे बहुतेकांनी सरळ सांगितले होते. बँकवाल्यांना फार जास्त मिळते आणि शिक्षकांना फार कमी, हेही त्यांना मान्य होते. बाहेर फलकांवर जे लिहिले होते, तेच आत कार्यालयांत बसलेली माणसे प्रश्नावलीत भरून देत होती.

आरोपीने इतक्या सहज आरोप कबूल केला, तर आरोपातच काही कमी आहे असे समजावे. लोभ षड्रिपूंपैकी एक आहे, तो कुठल्या एका पिढीत जन्मत नाही. लंडनच्या जुन्या शेअर दलालांनाही तो होताच. पण १९८६ पर्यंत त्यांच्या पेढ्या भागीदारीच्या होत्या आणि पेढी बुडाली तर भागीदाराचे राहते घर जाऊ शकत होते. त्या काळाला सुवर्णयुग म्हणायचे कारण नाही. आतल्या बातमीवर शेअर घेणे-विकणे ब्रिटनमध्ये १९८० पर्यंत गुन्हाही नव्हता. मात्र तोटा कुणाच्या दारात येणार, हे तिथे ठाऊक असे. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी, 'बिग बँग' नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणांनी हा बाजार मोकळा झाला आणि मोठमोठ्या बँकांनी या पेढ्या विकत घेतल्या. पैसा परक्याचा झाला, बोनस स्वतःचा राहिला. लोभ होता तेवढाच होता. त्याच्या समोर उभी असलेली भीती तेवढी गेली.

या आंदोलनाकडे पाहताना मला पुणे जिल्ह्यातले सुपे आठवते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे कुणबी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्याच्या मुळाशीही दूरदेशीचा पैसाच होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचे वेड माजले आणि खेड्यात सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्जाचा हात आखडला. सारा मात्र पुढे वाढलाच. सुपे आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी सावकाराला लोभी म्हणून उपदेश केला नाही. त्यांनी कर्जखते मागितली आणि जाळली. ज्याने कागद मुकाट्याने काढून दिले, त्याला बहुधा इजा झाली नाही. यात सगळेच निर्मळ होते असे नाही. रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, गावचा सावकार पुष्कळदा सुटला. पण नेम चुकला नव्हता. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला. त्या कायद्याचे पुढे काय झाले ही वेगळी कहाणी आहे, पण प्रश्न अचूक जागी पोचला होता.

२०११ च्या तंबूवाल्यांना जाळण्यासारखा कागदच नव्हता. ओहायोतल्या एखाद्या घराचे कर्ज दुसऱ्या हजारो कर्जांत मिसळून, त्याचे तुकडे करून, जगभरच्या बँकांना आणि पेन्शन फंडांना विकलेले. देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण हे काढायला वकिलांची फौज लागावी. 'तुमच्या मागण्या तरी काय?' असे निदर्शकांना खिजवणाऱ्या संपादकांचा मला म्हणूनच राग येतो. कागद इतका दडवून ठेवायचा आणि रस्त्यावर थंडीत बसलेल्या पोरांनी त्याचा गट नंबर सांगावा अशी अपेक्षा धरायची! वर्षभराने बँक ऑफ इंग्लंडच्या अँड्र्यू हाल्डेन यांनी या आंदोलकांचे निदान बरोबर होते असे जाहीरपणे सांगितले.

आपल्याकडेही हे दिसले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा आपल्याच खात्यातून आधी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. खातेदार मुंबईत रिझर्व्ह बँकेसमोर घोषणा देत उभे राहिले. हातातले पासबुक खरे होते. बँकेचा कर्जखात्यांचा कागद मात्र खोटा: एकाच बांधकाम समूहाला दिलेले कर्ज तपासयंत्रणांच्या म्हणण्यानुसार एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवले होते.

कागद सापडत नाही तेव्हा संताप माणसावर निघतो. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवायला ब्रिटिश करदात्यांचे ४५ अब्ज पौंड लागले. तिचे माजी प्रमुख फ्रेड गुडविन यांची 'सर' ही पदवी जानेवारी २०१२ च्या अखेरीस, तंबू अजून उभे असताना, काढून घेतली गेली. पेन्शन आधीच कमी झाली होती, पण चालू राहिली. लोभाच्या खटल्यात अशीच शिक्षा शोभते, कारण अपराध चारित्र्याचा ठरला की दंडही अब्रूचा होतो. गर्दीचे समाधान झाले आणि पुढच्या गुडविनला अडवणारे काहीच बदलले नाही.

बोनसवर युरोपीय संघाने २०१४ पासून घातलेली मर्यादा ब्रिटनने ऑक्टोबर २०२३ मध्ये उठवली, तेव्हा बरीच ओरड झाली. मर्यादा गेल्याचे मला फारसे दुःख नाही. ती मर्यादा हाव मोजत होती. बँकांनी मूळ पगार वाढवून तिला बगल दिली. मोलाची होती ती दुसरी, कंटाळवाणी तरतूद: मोठ्या अधिकाऱ्याचा बोनस वर्षानुवर्षे रोखून ठेवायचा आणि मधल्या काळात त्याची करणी उघड झाली तर कापायचा, दिलेला असेल तर परत मागायचा. भागीदाराचे घर जाण्याची भीती आज परत आणता येत नाही. पण तिच्या जवळपास जाणारे काही असेल तर ते एवढेच.

रोखून धरण्याची ती मुदत सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांसाठी २०२५ मध्ये आठ वर्षांवरून चारवर आली. वित्तक्षेत्राची स्पर्धाक्षमता वाढावी, हे त्यामागचे कारण. चार वर्षे पुरतात का, याचे उत्तर ब्रिटनच्याच अनुभवात आहे. कर्जाबरोबर ग्राहकांच्या गळ्यात मारलेल्या परतफेड विम्याच्या पॉलिसी तिथे १९९० च्या दशकापासून विकल्या जात होत्या. बँका न्यायालयात हरल्या २०११ मध्ये. भरपाई ३८ अब्ज पौंडांच्या पुढे गेली आणि ती भागधारकांच्या पैशांतून दिली गेली. या बँकांपैकी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा सर्वांत मोठा भागधारक तेव्हा ब्रिटनचा करदाताच होता.