मोकळीक देणारा हुकूम

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनानींची चर्चा आपल्याकडे बहुधा रोमेलपासून सुरू होते आणि तिथेच थांबते. इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणींना ज्याच्या फौजांशी झुंजावे लागले, तो फील्ड मार्शल आल्बर्ट केसेलरिंग मात्र आपल्या वाचनात फारसा येत नाही. आला, तरी बचावाच्या लढाईतला निष्णात सेनापती म्हणून येतो. ही ख्याती खोटी नाही. तरीही तेवढ्यावर थांबणे मला गैर वाटते, कारण ज्या पद्धतीने त्याने इटली लढवली, त्याच पद्धतीत तिथल्या गावांचा संहारही गुंतलेला होता.

केसेलरिंगचा जन्म 1885 सालचा, बव्हेरियातल्या एका शिक्षकाच्या घरातला. 1904 मध्ये तो तोफखान्यात दाखल झाला. 1933 नंतर जर्मनीचे नवे हवाई दल गुपचूप उभे राहू लागले, तेव्हा त्याला त्याच्या प्रशासनाचे काम मिळाले. आपल्या हाताखालची माणसे जे करतात ते आपल्यालाही आले पाहिजे, म्हणून त्याने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकून घेतले. पोलंड, हॉलंड, फ्रान्स या मोहिमांत त्याने हवाई ताफ्यांचे नेतृत्व केले. 14 मे 1940 रोजी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख झाला, तो त्याच्याच ताफ्याच्या बॉम्बफेकीत. त्याच वर्षी जुलैमध्ये तो फील्ड मार्शल झाला आणि 1941 च्या अखेरीस भूमध्य समुद्राच्या आघाडीवर गेला.

त्याचे खरे नाव झाले ते इटलीत. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि दोस्त फौजा सालेर्नोला उतरल्या. दक्षिण इटली सोडून उत्तरेकडे सरकावे, असे रोमेलचे मत होते. रोमच्या दक्षिणेलाच शत्रूला महिनोन्‌महिने अडवता येईल, असे केसेलरिंग म्हणत होता. हिटलरने अखेर त्याचे ऐकले. इटलीचा नकाशा पाहिला की त्याचा हिशेब कळतो. देशाच्या मधोमध अपेनाइन पर्वताचा कणा आहे आणि त्यातून निघालेल्या नद्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांकडे वाहतात. उत्तरेकडे जाणाऱ्या सैन्याला एक नदी ओलांडली की पुढे दुसरी आडवी येते. केसेलरिंगने या प्रत्येक अडथळ्याची किंमत वसूल केली. पूल उडवायचे, उतारांवर सुरुंग पेरायचे, मोक्याच्या टेकडीवर मशीनगन ठेवायच्या, समोरच्याने मोठ्या हल्ल्याची तयारी पुरी केली की मागच्या रेषेवर सरकायचे. मोंते कासिनोसाठी जानेवारी ते मे 1944 या काळात चार लढाया झाल्या. 4 जूनला रोम पडले, तरी त्याच्या फौजा मोडल्या नाहीत. त्या लढत लढत उत्तरेकडे हटत राहिल्या.

या माघारीच्या वाटेवरच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी गन निकामी केली आणि एकाला गोळी घातली. काडतुसे पुन्हा भरायला उसंत नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मोर्चा हाती आला, पण आडोशाला दबा धरून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा जीव घेतला. माणगावकडच्या या अवघ्या बावीस वर्षांच्या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

एकेक टेकडी अशी रक्त सांडून घ्यावी लागत होती, हे केसेलरिंगच्या कौशल्याचेच फळ होते. पण अशा माघारीला एक गोष्ट लागते, ती म्हणजे निर्धोक पिछाडी. रसद आणि दारूगोळा डोंगरातल्या मोजक्या रस्त्यांनी येत होता आणि त्याच रस्त्यांवर इटालियन बंडखोरांच्या टोळ्या हल्ले करत होत्या. त्यावर 17 जून 1944 रोजी केसेलरिंगने हुकूम काढला. बंडखोरांविरुद्ध अत्यंत कठोरपणे वागावे आणि हे करताना एखाद्या अधिकाऱ्याने नेहमीच्या संयमाची मर्यादा ओलांडली तर आपण त्याला पाठीशी घालू, असा त्याचा आशय होता. 1 जुलैच्या हुकुमाने त्यात भर घातली. ज्या गावातून गोळी सुटेल ते गाव जाळावे आणि म्होरक्यांना चारचौघांत फाशी द्यावे.

या हुकुमात कुठल्याही गावाचे नाव नव्हते, मारायच्या माणसांचा आकडा नव्हता. त्याचा घातकपणा यातच होता. वरिष्ठाने नेमका हुकूम दिला तर निदान त्याला एक सीमा असते. इथे सीमाच उठवली होती आणि शिक्षेचे भय आधीच काढून टाकले होते. 12 ऑगस्टला सांतान्ना दि स्ताझ्झेमा या डोंगरातल्या वस्तीत शेकडो माणसे मारली गेली. त्यांत बायका आणि मुलेच बहुसंख्य होती. यानंतर केसेलरिंगने संयम राखण्याचे आदेश काढलेही, म्हणजे काय चालले आहे याची त्याला जाणीव होती. तरी सप्टेंबरच्या अखेरीस मार्झाबोत्तोच्या परिसरात एस. एस. तुकड्यांनी आठवडाभरात सुमारे 770 नागरिकांना ठार केले. एकदा दिलेली मोकळीक कागदी सूचनेने परत घेता येत नाही. त्यासाठी मर्यादा ओलांडणाऱ्याला शिक्षा होते, हे सैन्याला दिसावे लागते.

त्याच्या बाजूनेही बोलले जाते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. बंडखोर गणवेशाविना लढत होते. बदल्याच्या कारवाईबाबत त्या वेळचा आंतरराष्ट्रीय कायदा संदिग्ध होता आणि ओलिसांना मारणे कधीच समर्थनीय नाही, असे खुद्द युद्धोत्तर न्यायालयांनीही सरसकट म्हटले नाही. ज्यांनी जर्मन शहरांवर आग ओतली तेच न्यायासनावर बसले, हा आक्षेपही पोकळ नाही. पण त्यातून निष्कर्ष एवढाच निघतो, की न्याय अपुरा होता. झोपडीत सापडलेली आई आणि तिची मुले यांना मारणे कुठल्या लष्करी गरजेत बसते, याचे उत्तर या युक्तिवादांत नाही.

मे 1947 मध्ये व्हेनिसच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. एक आरोप नागरिकांच्या हत्येला चिथावणी दिल्याचा होता. दुसरा रोममधल्या आर्देआतिने गुहांतल्या हत्याकांडाचा होता. तिथे मार्च 1944 मध्ये, बंडखोरांच्या बॉम्बने मेलेल्या 33 जर्मन पोलिसांच्या बदल्यात, 335 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. शिक्षा मात्र अमलात आली नाही. इटलीत त्याच्याविरुद्ध लढलेला सेनापती अलेक्झांडर आणि स्वतः चर्चिल यांनी त्याच्यासाठी रदबदली केली. मृत्युदंडाची जन्मठेप झाली आणि 1952 मध्ये प्रकृतीच्या कारणावरून तो सुटला. तोवर शीतयुद्ध ऐन भरात आले होते आणि पश्चिम जर्मनीचे सैन्य उभे करायचे होते. जुन्या सेनानींचा मान राखणे त्या वेळी सोयीचे ठरत होते. पुढे इटालियनांनी खरे तर आपले स्मारक उभारावे, असे त्याचे म्हणणे प्रसिद्ध झाले. त्याला कायदेपंडित पिएरो कालामांद्रेई यांनी कवितेतून उत्तर दिले आणि ती कुनेओच्या नगरभवनात शिलालेखाच्या रूपात लावली गेली.

चर्चिल आणि अलेक्झांडर यांनी त्याला तोलले ते सैनिकाच्या तराजूत. आपल्याशी चिवटपणे लढलेला, शब्द पाळणारा शत्रू त्यांना त्यात दिसला. पण समोरच्या सेनापतीशी केलेले वर्तन हा सेनापतीच्या कसोटीचा सर्वांत सोपा भाग असतो. तिथे दोघांच्याही हाती शस्त्र असते, दोघांचीही प्रतिष्ठा पणाला लागलेली असते. ज्याच्या हातात शस्त्र नाही आणि ज्याच्याकडून उलट हल्ल्याची भीती नाही, त्याच्याशी आपली फौज कशी वागेल हे सेनापती आधीच ठरवून ठेवतो. त्याची पारख तिथे व्हायला हवी. त्या पारखेत केसेलरिंग उतरत नाही, आणि अपेनाइनमधल्या त्याच्या बचावाच्या लढाईने ही उणीव भरून निघत नाही.

आपल्यापुरताही यातून एक धडा आहे. आपल्या वीरांची कहाणी सांगताना समोरचा शत्रू थोर दाखवण्याचा मोह होतो, कारण शत्रू मोठा असला की विजयही मोठा भासतो. घाडग्यांच्या पराक्रमाला अशा आधाराची गरज नाही. ते ज्या मोर्चावर तुटून पडले त्याच्यामागे एक निष्णात सेनापती होता, हे अवश्य लिहावे. त्या सेनापतीने नऊच दिवस आधी गावे जाळण्याचा हुकूम काढला होता, हेही त्याच परिच्छेदात लिहावे. युद्धाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहायचा तर एवढे बंधन आपण स्वतःवर घालून घेतलेच पाहिजे.