ह्यूस्टनहून आणलेला संच

हर्णैच्या एका तांडेलाचा थोरला मुलगा मालवाहू जहाजावर फिटर आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात क्यार वादळ उठलं, तेव्हा वडील होडी घेऊन बाहेर होते आणि मुलगा हजारो मैल लांब, इंजिन रूममध्ये. वडील जयगडच्या आसऱ्याला सुखरूप लागले, हे त्याला दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस कसे काढले, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. पण पुढे जहाज ह्यूस्टनला लागलं, तसा तो शहरात गेला आणि नाविक सामानाच्या दुकानातून हातात मावणारा व्हीएचएफ रेडिओ घेऊन आला.

संच देखणा होता. ६ वॉटची ताकद. पाण्यात पडला तर तरंगायचा, आणि तरंगताना आपोआप दिवा लुकलुकायचा. बाजूला लाल झाकणाखाली संकटाचं बटण, हवामानाच्या बातम्यांसाठी वेगळी कळ. लायसन्स लागत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. तो खोटं बोलला नव्हता. अमेरिकेतल्या हौशी होड्यांना आपल्याच पाण्यात फिरताना व्हीएचएफसाठी लायसन्स लागत नाही, असा तिथे १९९६ पासूनचा नियम आहे. मात्र संच कुठल्या समुद्रावर न्यायचा आहे, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि मुलाने सांगितलं नाही.

सुट्टीत घरी आल्यावर त्याने खोकं उघडलं, तेव्हा ओटीवर शेजारपाजारचे जमले. संच या हातातून त्या हातात फिरला. धाकट्याला धीर निघेना. “दादा, उद्या पहाटेच नेतो होडीवर.”

तांडेलाने संच हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हा बोलतो कुणाशी?”

“सगळ्यांशी, बाबा.”

“सगळ्यांशी म्हणजे कुणाशी? मी हाक मारली तर ओ देणार कोण?”

मुलाकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी तिघेही वरच्या आळीत गेले. तिथे एक निवृत्त रेडिओ ऑफिसर राहतात. उभं आयुष्य जहाजांच्या रेडिओ रूममध्ये काढलेला हा माणूस. त्यांनी चष्मा पुसला, संच दिव्याजवळ धरला आणि आधी म्हणाले, “वस्तू चोख आणलीस.” मुलाचा चेहरा खुलला.

“आता ऐकायचं फक्त. बोलायची कळ दाबू नकोस.” त्यांनी हवामानाची कळ दाबली. नुसती खरखर. “या वाहिन्या १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या. अमेरिकेचं हवामान खातं त्यावरून त्यांच्या किनाऱ्यासाठी बोलतं. इथे त्यावर आपल्यासाठी बोलणारं कुणी नाही.” मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या ‘यूएसए’ या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. “आणि हे बघ. २२ नंबरच्या वाहिनीवर आंतरराष्ट्रीय पद्धतीने होडी १५७.१०० वर बोलते आणि बंदर १६१.७०० वर. अमेरिकेत दोन्ही बाजू १५७.१०० वरच बोलतात. तुझा संच अमेरिकन पद्धतीवर लावलाय. बंदराला तुझं ऐकू जाईल, ते उत्तरही देतील, पण तुला काही ऐकू येणार नाही. तुला वाटेल, पलीकडे कुणीच नाही.”

मेनूत जाऊन त्यांनी पद्धत बदलून दिली, दोन मिनिटांत. काही संचांत ही सोय नसते, यात होती. “१६ नंबर मात्र जगभर एकच, १५६.८ मेगाहर्ट्झ. संकटाची हाक तिथेच मारायची. ‘मेडे’ तीनदा, मग होडीचं नाव, जागा, काय झालं, माणसं किती. गडबडीत जागा सांगायची राहते. ती कधी विसरू नका.”

मुलाने लाल झाकण उचललं. “हे बटण दाबलं की बोलावंच लागत नाही ना? आपोआप संदेश जातो.”

“दाबल्यावर आधी काय विचारतो ते वाचलंस का?”

संचात ओळखक्रमांक घातलेला नव्हता. तो घातल्याशिवाय बटण काम करत नाही. मुलाला ते ठाऊक होतं. त्यासाठी तिकडे इंटरनेटवर फुकट नंबर मिळतो, हेही दुकानदाराने सांगितलं होतं. तो आज रात्रीच नंबर घेऊन भरणार होता.

ऑफिसरांनी संच त्याच्या हातातून काढून घेतला. “तो नंबर ३३८ ने सुरू होतो. अमेरिकेचा. भारताचे ४१९ ने. तुझ्या बाबांनी दाभोळच्या समोर बटण दाबलं, तर इथल्या बचाव केंद्राच्या पडद्यावर अमेरिकेची होडी दिसेल. नंबर आला की ते आधी बघतात, होडी कुणाची, किती मोठी, घरचा फोन कोणता. मग घरी फोन करतात. कोण बाहेर गेलंय, कधी परतणार होतं, हे घरचेच सांगू शकतात. तुमच्या घरी फोन कोण करणार? आणि एकदा भरलेला नंबर बहुतेक संचांत मालकाला बदलता येत नाही.”

थोरला गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “म्हणजे कागद महत्त्वाचे, माणूस नाही?”

“कागदावर माणूसच लिहिलेला असतो रे. १९३३ च्या कायद्यापासून आपल्याकडे असा संच नुसता बाळगायलाही सरकारी परवाना लागतो. बाहेरून आणायचा तर दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाला आणण्याआधी विचारायचं. तू नंतर विचारतोयस. तरी विचार.”

मला हा मुलगा दोषी वाटत नाही. बापाच्या काळजीने पगार खर्च करणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण दुकानाच्या काचेमागे संच तेवढा दिसतो. त्याच्या हाकेला ओ देणारी यंत्रणा ज्या त्या देशाच्या किनाऱ्यावर असते, आणि तिच्याशी नातं तिथल्याच नोंदवहीत नाव घालून जोडावं लागतं.

इतका वेळ ऐकत बसलेल्या तांडेलाने कामाचं विचारलं. “साहेब, याचा आवाज जातो किती लांब?”

“हातातला संच पाण्यापासून दोन मीटर उंच धरलात, तर क्षितिज साधारण तीन सागरी मैलांवर. समोरच्याकडेही असाच असेल तर दोघांत सहा. मनोऱ्यावरची तार उंच असली की अंतर वाढतं. नुसते वॉट वाढवून समुद्राची पाठ सपाट होत नाही. तुम्हाला हवा डोलकाठीवर तार चढवलेला, होडीत पक्का बसवलेला २५ वॉटचा संच, होडीच्या नावावर परवाना घेऊन. हा हातातला त्याच्या जोडीला. होडी सोडायची वेळ आली, तर जवळच्या जहाजाला हाक मारायला हा उपयोगी.” मग त्यांनी विचारलं, “आणि ते इस्रोचं यंत्र? संकट कळवणारं. ते कुठे ठेवता?”

तांडेल धाकट्याकडे बघू लागला. धाकटा जमिनीकडे.

“माळ्यावर आहे. आईने पिशवीत बांधून ठेवलंय. होडीवर भिजेल म्हणून.”

ते यंत्र उपग्रहामार्फत होडीची ओळख आणि जागा नियंत्रण केंद्राला कळवतं आणि तिथून निरोप तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जातो. किनारा कितीही लांब असला तरी. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या पिढीत तर निरोप पोचल्याची पावतीही परत मिळते. असं यंत्र घरात होतं आणि घराला त्याची आठवण नव्हती. पिशवी सोडली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर बंद होऊन बराच काळ लोटला होता.

सुट्टीचे उरलेले दिवस थोरल्याने कचेऱ्यांत घालवले. यंत्राची नोंद दुरुस्त केली, बॅटरी तपासून घेतली आणि ते होडीवर सुकाणूशेजारी, हात पोचेल अशा जागी बसवलं. होडीच्या नावाने पक्क्या संचाचा अर्ज केला. ह्यूस्टनच्या संचासाठीही वेगळा अर्ज टाकला आणि बॅटरी काढून तो खोक्यात ठेवला. परवाना येईपर्यंत तो होडीवर चढणार नाही, असं तांडेलाने धाकट्याला सर्वांदेखत बजावलं.

समुद्रावर जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आज एवढं तरी करावं: आपल्या होडीच्या यंत्राच्या नोंदीत कोणता फोन नंबर आहे, तो लागतो का, हे बघून घ्यावं. आणि तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.