पिंजऱ्यातल्या मैना

"पासवर्ड बरोबर आहे, अगं. तुझं यंत्र चुकतंय."

गुरुजींचा हा फोन त्या सकाळचा बारावा. आधीच्या अकरा जणांचीही रड तीच होती: लॉगिन होत नाही. तिघांनी तोवर पासवर्ड बदलून पाहिला होता. एकाने फोन बंद करून चालू केला होता, हा उपाय आपल्याकडे भस्मासारखा सगळ्यावर चालतो.

आमच्या संस्थेचे चाळीसेक मेलबॉक्स आहेत आणि सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आहे. पोस्टफिक्स पत्रांची ने-आण करतो, डव्हकॉट दारात बसून आलेला कोण ते तपासतो, आणि या दोघांची उस्तवार माझ्याकडे आहे. गुरुजी न्यायशास्त्राचे निवृत्त अध्यापक, वय ऐंशीच्या पुढे. शनिवारी दुपारी त्यांनी मला 'तर्कसंग्रह' शिकवला. त्या बदल्यात त्यांचं मेल मी सांभाळते. गुरुदक्षिणा म्हणून हे काम सोपं नाही.

त्या अकरा जणांची चूक नव्हती, माझी होती. सर्व्हरकडे स्वतःच्या ओळखीचा एक दाखला असतो, सर्टिफिकेट. आमचं ९० दिवसांचं. ते मुदतीआधी आपोआप नवं होतं, तसं झालंही होतं. पण डव्हकॉट सुरू होताना दाखला एकदाच वाचतो आणि मग तोच धरून बसतो. त्याला 'पुन्हा वाच' असं सांगायला हवं होतं, ते मी विसरले. नवा दाखला डिस्कवर पडून, आणि डव्हकॉट ९९३ नंबरच्या पोर्टावर कालच संपलेला जुनाच सगळ्यांना दाखवतोय. फोन म्हणत होते, 'सर्व्हरची ओळख पटत नाही.' लोकांनी ऐकलं, 'तुमची ओळख पटत नाही.' काय गंमत आहे पाहा. दारवानाची कागदपत्रं संपली होती आणि अपराधी वाटत होतं पाहुण्यांना.

एक कमांड दिली, अकरा फोन सुरळीत झाले. गुरुजींचा नाही.

त्याकडे वळण्याआधी दाखल्याचं जरा बोलते, कारण शनिवारच्या वर्गात मी ज्या ठिकाणी अडले होते ते ठिकाण इथेच आहे. आमच्या सर्व्हरचा दाखला खरा कशावरून? त्यावर एका मधल्या संस्थेची सही असते. ती संस्था खरी कशावरून? तिच्यावर तिच्या वरच्या संस्थेची सही. असं चढत गेलं की शेवटी मूळ दाखला येतो. त्यात 'कोणाचा' आणि 'कोणी दिला' या दोन्ही रकान्यांत एकच नाव असतं. त्याने स्वतःवर स्वतःच सही केलेली असते. तो खरा का, तर फोन बनवणाऱ्याने तो आधीच आत ठेवला आहे म्हणून.

नैयायिक, म्हणजे गुरुजींच्या न्यायशास्त्राचे लोक, आणि त्यांचे प्रतिपक्षी मीमांसक शतकानुशतकं ज्यावर भांडले ते हेच. ज्ञान झालं, ते खरं आहे हे कशावरून? कुमारिल भट्टांच्या बाजूचे मीमांसक म्हणतात, स्वतःच. ज्ञान जन्मतःच खरेपण घेऊन येतं. त्याला छेद देणारं दुसरं ज्ञान आलं, किंवा डोळ्याला कावीळ वगैरे दोष सापडला, तरच ते सोडायचं. नैयायिक म्हणतात, परतः, म्हणजे बाहेरून. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, तेव्हा मघाचं ज्ञान खरं असं ठरलं. यावर मीमांसक हसून विचारतो: आणि तहान भागल्याचं ज्ञान खरं कशावरून? त्यालाही बाहेरचा दाखला हवा ना? मग त्या दाखल्याला? याला अनवस्था म्हणतात. जिन्याखालच्या खोलीत मी तिला 'सर्टिफिकेट चेन' म्हणते.

शंकराचार्यांची एक कथा आहे. मंडनमिश्रांचं घर कुठे, असं त्यांनी पाण्याला आलेल्या बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या दारातल्या पिंजऱ्यांत मैना 'प्रामाण्य स्वतः की परतः' असा वाद घालत असतील, ते घर. लहानपणी मला यात फक्त मैनांचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, पत्ता सांगायची ही रीत फार धाडसाची आहे. शेजाऱ्यानेही मैना पाळल्या असत्या तर?

ईमेलचा जन्म मीमांसकांच्या घरचा म्हणायला हवा. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी पत्र पाठवण्याचे नियम लिहिले. त्यात एक यंत्र दुसऱ्याला 'हेलो' म्हणतं (चार अक्षरांची आज्ञा हवी म्हणून त्यातला एक एल गाळलेला), आपलं नाव सांगतं, पत्र कोणाकडून आहे ते सांगतं, आणि समोरचा ते मानतो. पुरावा मागायची सोयच त्या नियमांत नव्हती. तेव्हा जाळ्यावरची माणसं थोडी, बरीचशी एकमेकांना ओळखणारी. खोटं निघालं तर पाहू. मग खोटं निघायला लागलं. १९९९ च्या मार्चमध्ये पत्र सोपवण्याआधी लॉगिन मागण्याची जोड प्रसिद्ध झाली, आणि दारात नैयायिक बसला. मीमांसकांना मी हरलेले म्हणणार नाही. छेद मिळाला की ज्ञान सोडा, हे त्यांचंच म्हणणं आहे, आणि छेद भरपूर मिळाला होता.

आता गुरुजी. दाराच्या वहीत, म्हणजे लॉगमध्ये, ओळ होती: ऑथेंटिकेशन फेल्ड, आणि पुढे अगम्य अक्षरांची एक माळ. नवखी असताना ही माळ पाहून मी घाबरले होते, कोणाचा तरी पासवर्ड उघडा पडला म्हणून. तसं नसतं. ती सांकेतिक लिपी उलगडली की एवढंच निघतं: 'पासवर्ड:'. सर्व्हरने विचारलेला प्रश्नच तो नापास झाल्याच्या नोंदीत लिहून ठेवतो.

गुरुजींनी फोनवर पासवर्ड सांगितला. एका ग्रंथाचं नाव रोमन अक्षरांत, पुढे एकोणीसशे बासष्ट. (आता बदललाय, म्हणून लिहितेय.) मी तो सर्व्हरवरच तपासून पाहिला. उत्तीर्ण. म्हणजे गुरुजी खरे, सर्व्हरही खरा, आणि दार बंद.

शेवटी त्यांची परवानगी घेऊन डव्हकॉटची एक सेटिंग चालू केली, जिला मी एरवी हात लावत नाही. तिने चुकलेला पासवर्ड वहीत जसाच्या तसा उमटतो. उमटला. मी तीनदा वाचला, तीनदा बरोबर वाचला. चौथ्यांदा दिसलं: आकडे देवनागरी होते. नातवाने गुरुजींच्या फोनवर मराठी कीबोर्ड बसवून दिला होता. पासवर्ड टिपणवहीत लिहून ठेवून तिथून उचलून चिकटवायचा, हेही त्यानेच शिकवलं होतं. सकाळी दाखल्याच्या गोंधळात खातं काढून पुन्हा घातलं, तेव्हा ते आकडे पहिल्यांदा दारापर्यंत पोचले.

यंत्राच्या लेखी इंग्रजी एक म्हणजे एक बाइट, मराठी एक म्हणजे तीन. चारांच्या जागी बारा. सर्व्हरजवळ पासवर्ड नसतोच, असतो तो त्याचा कुटून केलेला चुरा. समोरून आलेलं तसंच कुटायचं आणि चुरा जुळतो का ते पाहायचं. अर्थ तोच असला तरी चुरा वेगळा. मला फरक दिसला नाही, कारण मी आकडे पाहत नव्हते, एकोणीसशे बासष्ट वाचत होते. यंत्राला मराठी येत नसल्यामुळे ते फसलं नाही.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे माझं ज्ञान खरं होतं."

"पण तुम्ही नैयायिक ना? सकाळपासून मीमांसकांसारखे अडून बसलात."

"अगं, आमच्याच उदयनाचार्यांनी सांगितलंय, संशयालाही हद्द असते. आगीने धूर होतो की नाही अशी शंका घेणाराही धूर हवा असला की आगच पेटवतो. वागण्याच्या आड येईल एवढा संशय खरा नसतो." मग थांबून, "पण काय गं, तू फोनवर पासवर्ड विचारलास, मी दिला. मीच बोलतोय हे कशावरून ठरवलंस?"

मी गप्प. फोनवर कोणाचा पासवर्ड घ्यायचा नाही आणि आपला द्यायचा नाही, ही पाटी मीच कार्यालयात लावली आहे.

"तुमच्या खोकल्यावरून," मी म्हटलं.

"मग ते अनुमान झालं. खोकला हेतू, मी साध्य. परतः!"

"नाही गुरुजी. ओळखलं आधी. खोकला आत्ता, तुम्ही विचारल्यावर आठवला."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मी तेवढ्यात ती सेटिंग बंद केली आणि वहीतल्या त्या ओळी पुसल्या.

"बरं," ते म्हणाले, "नवा पासवर्ड काय ठेवू?"

"मला सांगू नका. आणि आकडे इंग्रजीतून घाला."