आईला क्षमा करता येते का?



पुंडलिकनगरातील घरभेटींत आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. भिंतीवर पवित्र मारियेचे चित्र असते आणि त्याच छताखाली मायलेकींचा महिनोन्‌महिने अबोला असतो. मुलगी म्हणते, “फादर, चौथी आज्ञा मी पाळते. आईचं औषधपाणी बघते. पण तिनं जे केलं ते विसरू कशी?” या प्रश्नाला घाईने उत्तर देऊन चालत नाही.

शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ या कादंबरीतील थोरली मुलगी तरुणपणीच घराचा भार उचलते आणि एक दिवस तिचे मन कोसळते. याच कादंबरीवर लेखिकेची कन्या रेणुका शहाणे यांनी २००९ साली ‘रीटा’ हा मराठी चित्रपट काढला. २०२१ साली त्यांचा ‘त्रिभंग’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात लेखिका आई बेशुद्ध पडलेली आहे. तिला आता क्षमा मागता येत नाही. आत्मचरित्रासाठी तिने सांगून ठेवलेले शब्द मात्र दुखावलेल्या लेकीपर्यंत पोहोचतात. पुढे त्या लेकीला कळते की, आपल्या मुलीलाही आपण नकळत दुखावले आहे.

आपण विचार करू या. जिथे काही चुकलेच नाही, तिथे क्षमा कशाची करायची? म्हणजे क्षमेची पहिली पायरी सत्य आहे. “जाऊ दे, आईच आहे” असे म्हणून जखम झाकणे ही क्षमा नव्हे. आईचा मान राखणे म्हणजे तिची चूक नाकारणेही नव्हे. दुसरी पायरी अशी की, ही बाईसुद्धा कुणाची तरी मुलगी होती हे पाहणे. त्याने चूक पुसली जात नाही, पण मनातला न्यायाधीश थोडा खाली बसतो.

आणखी एक भेद लक्षात ठेवू या. क्षमा एकटीला करता येते; समेटाला मात्र दोघी लागतात. म्हणून आयांनाही आमची विनंती आहे. पापनिवेदनाला तुम्ही येता, परमेश्वर क्षमा करतो. पण जिचे मन दुखावले ती घरी स्वयंपाकघरात उभी असते. तिच्यापाशी जाऊन “माझं चुकलं, बाळा” एवढे म्हणायला आपण रुग्णालयातल्या खाटेची वाट का पाहावी?

आज मिस्सा संपल्यावर घरी जाल, तेव्हा हा विचार सोबत न्या.