फाटकाबाहेरचा बाप

जून २०१३ मधली एक संध्याकाळ मी इतकी वर्षं स्वतःपासून लपवून ठेवली होती. धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी शिक्षक होतो. पहिलीच्या वर्गासाठी पाड्यापाड्यांवर फिरून मुलं गोळा केली होती. त्यांतला एक सहा वर्षांचा पावरा आदिवासी मुलगा बापाचा सदरा सोडायला तयार नव्हता. आमचुराचे पैसे आले असावेत, कारण मुलाच्या अंगात नवा शर्ट होता, घड्या न मोडलेला. बापाने अंगठा दिला, मुलाला आत सोडलं आणि फाटकाबाहेरच्या दगडावर जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत उठला नाही. मी बाहेर गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमच्यासारख्यांमुळेच पोरं शिकत नाहीत. ऊठ, घरी जा."

तो वयाने माझ्याहून मोठा होता. मी त्याला 'ऊठ' म्हणालो. तो उठला.

त्या वर्षी माझी मुलगीही पहिलीत गेली. तळोद्यात, इंग्रजी माध्यमात, घरापासून चालत दहा मिनिटांवर. शनिवारी चांदसैलीचा घाट उतरून मी घरी पोचायचो, तेव्हा ती आजीच्या कुशीत अहिराणी गोष्ट ऐकत असायची. रात्री एकटी झोपायला घाबरते म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत तिला आम्ही वेगळं झोपवलं नाही. याला मी माया म्हणत होतो. होळीला पोराला घरी नेणाऱ्या पावरा बापाच्या मायेला मी अहवालात 'पालकांची उदासीनता' असं लिहीत होतो. दोन्ही नावं मीच दिली आणि कुठे अडखळलो नाही, हे मला आज सर्वांत जास्त टोचतं.

होळीचं तर मला कळायलाच हवं होतं. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला, काठी गावच्या राजवाडी होळीची तयारी सुरू झाली की सातपुड्यातलं लेकरू शाळेत कसं राहील? बावा-बुध्या होणारे त्याचे काका-मामा नवस पाळत असतात, अंगाला राख फासून ढोलावर रात्रभर नाचतात. ते पाहत पाहतच मूल आपल्या माणसांत वाढतं. मी मात्र हजेरीपटावर लाल रेघा मारत बसायचो. दिवाळीत आकाशकंदील बांधायला मुलीला हाताशी घ्यायचो, ते माझ्या लेखी संस्कार होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींवर बंदी घातली. मी छडी कपाटात ठेवली आणि स्वतःला सुधारलेला समजू लागलो. पण वर्गात कोणी पावरीत बोललं की मी त्याला उभं करायचो. सहा वर्षांच्या मुलाला तहान लागली तर पाणी कोणत्या भाषेत मागायचं होतं? याच डोंगरांत, नर्मदाकाठच्या बुडीत गावांत, नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांच्या बोलीतून शिकवत होत्या. मला ते ठाऊक होतं. 'ती चळवळीची माणसं' म्हणून मी विषय संपवायचो.

वसतिगृहं नकोत असं मला आजही वाटत नाही. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा मागे राहिलेल्या मुलाला जेवण, अंथरूण आणि पुस्तक तिथेच मिळतं. आमच्याकडून शिकलेल्या मुली आज नर्स आहेत. पण लेकराला दूर ठेवण्याची किंमत कोण मोजतं आणि कोण त्यावर उपदेश करतं, हे मी कधी तपासलं नाही. ती किंमत माझ्या घरातून गेली नव्हती.

२०२३ मध्ये गेली. मुलीला अकरावीसाठी नाशिकच्या वसतिगृहात ठेवलं. ती सोळा वर्षांची, फोन हातात, अधूनमधून घरी यायची मुभा. तरी सामान ठेवून बाहेर आलो आणि पाय निघेना. समोरच्या चहाच्या टपरीवर दिवे लागेपर्यंत बसलो. पहारेकऱ्याने येऊन विचारलं, "काका, काही राहिलंय का? पाणी देऊ?" त्या 'काका'ने मला धडगावच्या त्या दगडावर नेऊन बसवलं. मी त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तो मुलगा पाचवीनंतर शाळेत आला नाही. माझ्यामुळे, असं म्हणता येणार नाही. माझ्यामुळे नाही, असंही मला म्हणता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात धडगावच्या बाजारात त्याचा बाप दिसला. आमचुराचं पोतं काट्यावर चढवत होता, केस पांढरे झालेले. माफी मागायचं मी नाशिकहून येतानाच ठरवलं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं, आणि ते पावरीत म्हणता यावं म्हणून एका विद्यार्थ्याकडून शिकूनही घेतलं होतं. त्याने मान वर केली, मला ओळखलं, हात जोडले आणि म्हणाला, "राम राम, गुरुजी."

मी "राम राम" म्हणालो आणि पुढे चालू लागलो.